लोयांग: पिकवणं जमलं, विकणं जमेना

वाफेकरी:

ॲग्रिकोला हा शेतीचा पटावरचा खेळ बरीच वर्षं खेळून हात बसल्यावर आमच्या गटाने आता ‘ॲट द गेट्स ऑफ लोयांग’ मांडायला घेतलाय. दोन्ही खेळ उवे रोझेनबर्ग यांचे. ॲग्रिकोला 2007चा, लोयांग 2009चा. शेती तीच, तेव्हा हाही आपसूक जमेल अशी माझी समजूत होती. पाच डाव झाले, पाचही हरलो. आणि पाचही वेळा पटावर सगळ्यात भरलेलं शेत माझंच होतं. ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्राचीन चीनमधलं लोयांग शहर, त्याच्या वेशीपाशी आपली शेतं. गहू, भोपळा, सलगम, कोबी, घेवडा आणि लीक असा सहा प्रकारचा माल. गहू सगळ्यात स्वस्त, लीक सगळ्यात महाग. वाफ्यात एक नग पेरला की त्या वाफ्याच्या उरलेल्या सगळ्या चौकटी त्याच मालाने भरतात, आणि पुढे दर फेरीच्या सुरुवातीला प्रत्येक वाफ्यातून एकेक नग हातात येतो. घरच्या वाफ्यात नऊ चौकटी असतात, खेळाच्या फेऱ्याही नऊ. शिवाय दर फेरीला आपल्या गठ्ठ्यातून एक नवा वाफा उघडतो. पाऊस नाही, कीड नाही, फासे नाहीत. पेरलं की येणार म्हणजे येणारच.

विकायला दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं. एक बांधलेलं गिऱ्हाईक: ते एकदा घेतलं की दर फेरीला त्याला माल पोचवायचा, असं चार वेळा. एखादी फेरी चुकली की ते नाराज होतं, आणि नाराज झाल्यावर पुन्हा चुकलं तर प्रत्येक वेळी 2 नाणी दंड. दुसरं वाटचं गिऱ्हाईक: ते एकदाच येतं, त्याला हव्या त्या मालाचा संच एका झटक्यात घेतं आणि जातं. याशिवाय प्रत्येकाच्या पटावर स्वतःचं दुकान असतं. तिथे घ्यायला जावं तर माल महाग, विकायला जावं तर स्वस्त.

आता कालच्या डावाचं सांगतो. नववी फेरी, माझी पाळी. समोर दोन लीक, तीन कोबी, एक घेवडा. इतका भारी माल बाकी तिघांपैकी एकाकडेही नव्हता. आणि माझ्यापुढे बसलेली दोन गिऱ्हाइकं कशाची, तर एक गहू-भोपळ्याचं आणि दुसरं सलगमाचं. सहाच्या सहा नग मी माझ्याच दुकानात टाकले. लीकची सोंगटी दुकानाच्या चौकटीत ठेवताना हात जड झाला होता, खरंच सांगतो. चार फेऱ्या त्या वाफ्याकडे बघत होतो की शेवटी हा कामी येईल.

तर अनुभवी मंडळींना विचारायचंय. बांधलेली गिऱ्हाइकं केव्हा घ्यायची आणि किती? समृद्धीच्या वाटेवर, म्हणजे पटावरच्या ज्या आकड्यांच्या घरांवरून पैसे भरून पुढे सरकायचं तिथे, जादा पाऊल केव्हा टाकायचं? आणि कर्ज कधी परवडतं का?

हिशेबनीस:

वाटेचं मी सांगतो, कारण या खेळात माझा जीव त्या वाटेवर जडलाय. जिंकायला मोजतात ती तीच एक गोष्ट. शेवटी कोण किती पुढे पोचलं एवढंच बघतात. उरलेला माल, उघडलेले वाफे, जमवलेले मदतनीसांचे पत्ते यांचं काही मिळत नाही.

नियम असा: दर फेरीत पहिलं पाऊल 1 नाण्याला. त्याच फेरीत दुसरं पाऊल हवं असेल तर ज्या घरात जायचं त्या घराचा आकडा जेवढा तेवढी नाणी. आता उदाहरण घ्या. तुम्ही 3 वर आहात. 4 वर जायला 1 नाणं लागलं. लगेच 5 वर जायचं तर 5 नाणी. हेच तुम्ही 14 वर असताना केलंत तर 15 साठी 1 नाणं, पण 16 साठी 16. पाऊल दोन्हीकडे एकच, पण एकदा पाचाला मिळालं आणि एकदा सोळाला.

यातली खरी मेख पहिल्या पावलात आहे. एक नाण्याचं पाऊल तुम्ही कुठेही असलात तरी एकाच नाण्याचं. म्हणजे ते स्वस्त पाऊल मोठ्या आकड्यांच्या घरांवर खर्च व्हावं आणि पूर्ण किंमत लहान आकड्यांच्या घरांवर मोजावी, हे सगळ्यात फायद्याचं. जो सुरुवातीला एकेक पाऊलच टाकतो आणि ‘शेवटी एकदम धावू’ म्हणतो, तो लहान घरं एकेका नाण्यात ओलांडून सगळी महागडी घरं स्वतःसाठी राखून ठेवतो.

मग सगळे पहिल्याच फेरीत का धावत नाहीत? कारण तेव्हा हातात नाणी मोजकी, आणि तीच नाणी बियाण्यात घातली तर पुढे कितीतरी पट होऊन परत येतात. प्रत्येक फेरीच्या शेवटी हीच ओढाताण. मी स्वतः पहिल्या दोन फेऱ्यांत जादा पाऊल टाकत नाही. तिसरीपासून मात्र पुढच्या फेरीचं बियाणं आणि एखादा दंड यापुरती नाणी बाजूला काढतो, आणि वरची शिल्लक पाऊल टाकण्याइतकी असली की टाकून मोकळा होतो. हातात नाणी खुळखुळत ठेवण्यात काही अर्थ नाही, वाट दर फेरीला महाग होत जाते.

पटावरची:

वाफेकरी, तुमचं दुखणं मी ओळखलं, कारण मलाही तेच झालं होतं. तुम्ही अजून ॲग्रिकोलाच खेळताय.

तिथे 14 फेऱ्या आणि त्यात सहा सुग्या: चौथी, सातवी, नववी, अकरावी, तेरावी आणि चौदावी फेरी संपल्यावर. दर सुगीला घरातल्या प्रत्येक माणसामागे 2 अन्न द्यायचं, कमी पडलं तर प्रत्येक कमी नगामागे भीक मागितल्याचा पत्ता आणि वजा 3 गुण. एखाद्या सुगीला घरात धान्य नसताना जी छाती धडधडते ती ज्यांनी अनुभवली त्यांनाच माहीत. शिवाय अंगणात जनावर नाही, वजा 1. शेतात भाजी नाही, वजा 1. त्या खेळाने आपल्याला साठवायला शिकवलं. सगळं थोडं थोडं हवं, घर भरलेलं हवं.

लोयांगमध्ये खाणारं तोंडच नाही. साठा म्हणजे अडकलेला पैसा. फेरीच्या शेवटी माल ठेवायला सुरुवातीला एकाच नगाची जागा असते. पैसे भरून ती वाढवता येते, पण खेळ तुम्हाला पहिल्या फेरीपासून सांगत असतो की ठेवू नका, विका. तुमचं शेत सगळ्यात भरलेलं दिसत होतं याचा अर्थ तुमचे सगळ्यात जास्त पैसे मातीत होते, वाटेवर नव्हते.

मी हे ओळखल्यावर एक साधी सवय लावून घेतली. पेरायला सोंगटी उचलली की वाफ्यावर ठेवण्याआधी ती ज्या गिऱ्हाइकाला जाणार त्याच्या पत्त्याला टेकवायची. पत्ता समोर नसेल तर सोंगटी खाली. आमच्यात एकीने याची थट्टा केली होती, आता तीही तेच करते.

मधली पाळी:

वाचतोय. धागा जमून आलाय. हिशेबनीस यांचं ‘लहान घरं पूर्ण किमतीत घ्या’ हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सोंगटी:

गिऱ्हाइकांबद्दल लिहिते.

बांधलेली आणि वाटची यांचा तोल हा या खेळातला मला सर्वांत आवडलेला नियम. वाटच्या गिऱ्हाइकाला माल देताना बघायचं: आपल्यापुढे बांधलेली जास्त आहेत की वाटची? बांधलेली जास्त असतील तर वाटच्याकडून 2 नाणी जास्त मिळतात. वाटची जास्त असतील तर 2 कमी. सारखी असतील तर पत्त्यावरची किंमत. म्हणजे ज्याने नेहमीची माणसं धरून ठेवली त्याला येणारा-जाणाराही चांगला भाव देतो. मला हे फार खरं वाटतं.

आता यातून पाळीच्या आतला क्रम कसा ठरतो ते बघा. आपल्या पाळीत आपण पेरणं, घेणं, विकणं, पोचवणं कुठल्याही क्रमाने करू शकतो. समजा माझ्यापुढे दोन बांधलेली आणि एक वाटचं आहे. त्या दोनातल्या एकाची आज चौथी आणि शेवटची खेप. घाईत मी आधी ती खेप दिली की त्याचा पत्ता गेला. उरलं एक बांधलेलं, एक वाटचं, तोल समान, जादा नाणी नाहीत. हेच मी आधी वाटच्याला माल दिला आणि मग शेवटची खेप पुरी केली, तर 2 नाणी जास्त. मालात काही फरक नाही, पत्तेही तेच, नुसता हात आधी कुठल्या पत्त्याकडे गेला एवढाच फरक. एकदा मी दुसऱ्याला असं करताना पाहिलं, तोवर माझे तीन डाव त्या चुकीत गेले होते.

किती घ्यायची? माझ्या मते सुरुवातीला एक बांधलेलं लवकरात लवकर, तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत दुसरं. तिसरं घ्यायचं असेल तर त्याला लागणारा माल आधीच्या दोघांपैकी एकाला तरी लागत असला पाहिजे, म्हणजे एकच वाफा दोघांना पुरवतो. तीन गिऱ्हाइकं आणि पाच तऱ्हेचा माल असं झालं की आपण दर फेरीला दुकानात महागाने घेऊन त्यांना पोचवत बसतो.

आणि नववी फेरी संपली की अर्धवट राहिलेल्या खेपांना काही मोल नाही. चार खेपा पुऱ्या व्हायच्या तर सहाव्या फेरीपर्यंत गिऱ्हाईक कामाला लागलेलं हवं. त्यानंतर बांधलेलं घ्यावं ते तोल सांभाळण्यापुरतं.

घेवडा:

कर्ज. मी कर्जाच्या बाजूने आहे आणि गटात एकटाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्ज घेतलं की 5 नाणी मिळतात, शेवटी प्रत्येक कर्जामागे वाटेवर एक पाऊल मागे. लोक ‘एक पाऊल मागे’ ऐकूनच दचकतात. पण पहिल्या फेरीत 5 नाणी म्हणजे काय ते बघा. आपण 10 नाण्यांवर सुरुवात करतो आणि त्यातूनच घरच्या वाफ्याचं बियाणं घ्यायचं असतं. तिथे महाग माल पेरला की हात रिकामा होतो. पहिल्या फेरीत नवा वाफा उघडतो आणि पेरायला पैसे नाहीत म्हणून तो तसाच पडून राहतो. एक फेरी पडीक म्हणजे त्या वाफ्याची एक तोड गेली, त्या तोडीवर उभं राहणारं गिऱ्हाईक एक फेरी मागे गेलं, आणि त्याच्या पैशातून होणारी पुढची पेरणीही मागे गेली. त्या 5 नाण्यांनी मला दुसऱ्या फेरीत दोन वाफे चालू करून दिले, तर ते एक पाऊल मी हसत देईन.

हिशेबनीस:

घेवडा, सुरुवातीच्या कर्जाबद्दल माझं तुमच्याशी निम्मं जुळतं. शेवटच्या फेऱ्यांतल्या कर्जाबद्दल मात्र नवख्यांना सावध करायलाच हवं. नवव्या फेरीत कोणी 16 च्या घरासाठी 12 नाणी घेऊन बसलेला असतो, ‘चारच कमी पडतायत’ म्हणून कर्ज घेतो, पाऊल टाकतो, आणि हिशेबाच्या वेळी तेच पाऊल मागे येतो. हाती काय लागलं? काहीच नाही. मी हे एकाच संध्याकाळी दोघांना करताना पाहिलंय.

मधल्या फेऱ्यांत कर्ज घेऊन जादा पाऊल टाकणंही तसंच. पाचव्या घराला 5 नाणी, कर्जाची 5 नाणी, आणि शेवटी एक मागे. कर्जाचा पैसा वाटेवर घालायचाच नाही, तो मातीतच गेला पाहिजे.

पण सुरुवातीलाही मी सहसा घेत नाही. घरच्या वाफ्यात मधल्या किमतीचा माल पेरला की पहिला नवा वाफा स्वस्त बियाण्याने चालू करण्याइतकी नाणी उरतात. तुम्ही घरच्या वाफ्यात लीक पेरता, म्हणून तुम्हाला कर्ज लागतं.

घेवडा:

लीक पेरतो, कारण नऊ चौकटींचा वाफा एकच आहे. सगळ्यात मोठ्या वाफ्यात सगळ्यात महाग माल, असा माझा सरळ हिशेब. नव्या वाफ्यांमध्ये सगळाच माल लागत नाही, घरच्या वाफ्यात काहीही चालतं. ती जागा गव्हाला देणं माझ्या जिवावर येतं.

हिशेबनीस:

आणि लीक मागणारं गिऱ्हाईक तीन फेऱ्या आलंच नाही तर?

घेवडा:

तर त्या तीन फेऱ्या मी दुकानात विकतो. लीकला दुकानातही बाकीच्यांपेक्षा बरा भाव मिळतो. तेवढ्यावर गाडी चालते.

शेवटची फेरी:

एक मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. पेरणी कधी थांबवायची.

तोड फेरीच्या सुरुवातीला होते. आठव्या फेरीत पेरलं तर नवव्याच्या सुरुवातीला एकच नग हातात येतो. म्हणजे जे पेरलं तेच परत आलं, वाफा तीन चौकटींचा असो की सहा. सातव्या फेरीत पेरलं तर दोन नग, म्हणजे बियाणं वजा जाता एक. सहाव्यात पेरलं तर तीन. सहा चौकटींचा वाफा पुरा निघायचा असेल तर तो तिसऱ्या फेरीत पेरलेला हवा. तीन चौकटींचा असेल तर सहाव्यात पेरला तरी चालतो.

हे कळल्यावर मी वाफे ‘मोठा म्हणून चांगला’ असं बघणं सोडलं. सुरुवातीला मोठा वाफा उघडला तर आनंद, पाचव्या-सहाव्या फेरीत मात्र मला लहान वाफाच हवा असतो. मोठ्यातल्या मागच्या चौकटी नुसत्या डोळ्यांना बऱ्या दिसतात.

वाफेकरी, तुमच्या शेवटच्या फेरीत वाफ्यांमध्ये किती माल उरला होता? बघून सांगाल का?

वाफेकरी:

मोजलं नव्हतं, पण एका मित्राने डाव संपल्यावर पटाचा फोटो काढला होता, त्यावरून मोजलं. घरच्या वाफ्यातला सगळा निघाला होता. बाकीच्या वाफ्यांत मिळून अकरा नग उरले होते. अकरा! त्यातले चार कोबी, जे मी आठव्या फेरीत मोठ्या उत्साहाने पेरले होते.

पटावरची यांचं ‘अजून ॲग्रिकोलाच खेळताय’ हे वाचून खरंच थांबलो. कोबी पेरताना माझ्या मनात गिऱ्हाईक नव्हतंच. रिकामा वाफा बघवेना म्हणून पेरला.

सोंगटी, तुमचा क्रमाचा मुद्दा वहीत उतरवून घेतला. आणखी एक विचारतो. पत्ते घेताना मला कायम उरलंसुरलं मिळतं. हव्या त्या गिऱ्हाइकाचा पत्ता कोणीतरी आधीच उचलतं. तिथे काय करायचं?

मधली पाळी:

याबद्दल मी लिहितो, कारण हा टप्पा लोक भरभर उरकतात आणि माझ्या मते अर्धा डाव तिथेच ठरतो.

प्रत्येकाला चार पत्ते वाटले जातात. मग पाळीपाळीने एकतर हातातला एक पत्ता मधल्या पटांगणात टाकायचा, नाहीतर पटांगणातला एक आणि हातातला एक असे दोन घेऊन बाहेर पडायचं. दोन्ही हातातले घेता येत नाहीत, दोन्ही पटांगणातलेही नाहीत. म्हणजे तुमच्या हातात दोन सोन्यासारखे पत्ते असले तरी त्यातला एक सोडावाच लागतो, आणि तुम्ही जो खाली टाकता तो दुसऱ्याला देता.

इथे दोन गोष्टी मी बघतो. पहिली, माझ्यानंतर ज्याची पाळी आहे त्याच्या वाफ्यात काय आहे. त्याच्याकडे भोपळा असेल तर भोपळ्याचं गिऱ्हाईक मी शेवटपर्यंत हातात धरून ठेवतो, मला नको असलं तरी. दुसरी, हव्या असलेल्या दोन पत्त्यांपैकी कुठला बाकीच्यांना नकोसा आहे. समजा माझ्या हातात लीकचं गिऱ्हाईक आहे आणि गव्हाचंही. मला दोन्ही हवीत, पण लीक माझ्याशिवाय कोणी पेरलेलं नाही. मग मी लीकचंच पटांगणात टाकतो आणि गव्हाचं हातात ठेवतो. फिरून पाळी आली की लीकचं तिथेच पडलेलं असण्याची बरीच शक्यता असते, कारण ते घेऊन कोणी करणार काय? मग पटांगणातून ते, हातातून गव्हाचं, आणि बाहेर.

वाफेकरी, तुम्हाला उरलंसुरलं मिळतं त्याचं कारण तुमचं भरलेलं शेत असावं. तुम्ही सगळं पेरता, त्यामुळे तुम्हाला सगळंच चालतं असं बाकीच्यांना दिसतं आणि ते काहीच मोकळेपणाने खाली सोडत नाहीत. माझ्याकडे दोनच प्रकार असतात तेव्हा बाकीच्या चार प्रकारांचे पत्ते लोक निर्धास्त टाकतात.

पटावरची:

मधली पाळी यांनी दुसऱ्याच्या वाफ्यात डोकावण्याबद्दल लिहिलं त्यावरून आठवलं. विकण्याची नजर तयार करायची असेल तर रोझेनबर्ग यांचाच जुना बोनान्झा, 1997चा पत्त्यांचा खेळ, आधी खेळा. मी नव्या माणसाला लोयांगच्या आधी तोच देते.

त्यात हातातल्या पत्त्यांचा क्रम बदलायचा नाही. जसे आले तसेच राहणार, आणि पाळी आली की सगळ्यात पुढचा पत्ता पेरावाच लागणार. सुरुवातीला शेतं दोनच. तिसऱ्या जातीची शेंग पुढे आली की भरत आलेलं एखादं शेत मोडून विकावं लागतं, तेही मनाजोगा भाव यायच्या आधी. यातून सुटायचा मार्ग एकच, नको असलेली शेंग पेरायची वेळ यायच्या आत कोणाच्या तरी गळ्यात घालणं. मग बोली सुरू होते: ‘ही घेतेस का? बदल्यात काही नको, नुसती घे!’ फुकट देऊनही फायदा होतो हे पहिल्या डावातच कळतं.

विकण्याचा नियमही सुंदर. विकलेल्या शेंगांचे काही पत्ते उलटे केले की त्यांच्या पाठीवर नाणं असतं; तेच आपले पैसे. म्हणजे मिळालेलं प्रत्येक नाणं ही गठ्ठ्यातून कायमची गेलेली एक शेंग असते. गठ्ठा दर वेळी पिसला जाताना पातळ होत जातो आणि ज्या जातीची नाणी खूप झाली ती जात पुढे दुर्मीळ होते. बाजारात आवक घटणं म्हणजे काय, हे इतक्या कमी साहित्यात दाखवणारा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

लोयांगमध्ये अशी तोंडी देवाणघेवाण नाही, आणि ती उणीव मला जाणवते. पण बोनान्झा खेळून आलेला माणूस पटांगणातल्या पत्त्यांकडे बघताना आपोआप दुसऱ्यांच्या शेताकडे बघतो.

शेवटची फेरी:

नव्या माणसाला शिकवायचा विषय निघालाच आहे तर माझी पद्धत सांगतो. बहुतेक जण पेरणीपासून सुरू करतात: हे बियाणं, हा वाफा, अशी तोड. ऐकणाऱ्याच्या मनात शेत बसतं आणि गिऱ्हाईक शेवटी शेपटासारखं लागतं.

मी उलटं करतो. आधी वाट दाखवतो: इथे पुढे जायचंय, पैसे लागतात. मग एक बांधलेलं गिऱ्हाईक समोर ठेवतो: हा पैसे देतो, त्याला चार फेऱ्या हे लागतं. मग विचारतो, आता हा माल आणायचा कुठून? तेव्हा कुठे वाफा काढतो. पंधरा मिनिटांत समजतं आणि पहिल्याच डावात माणूस पेरण्याआधी पत्ता शोधायला लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाही असंच शिकवलंय, त्यांना दंडाचा नियम तर एकदा सांगितला की पुरे.

सोंगटी:

शेवटची फेरी, हे मी उचलते. पुढच्या आठवड्यात दोन नवे भिडू येतायत.

वाफेकरी:

सहावा डाव झाला. चौघंच होतो, तेच नेहमीचे.

घरच्या वाफ्यात या वेळी घेवडा पेरला. हिशेबनीस म्हणतात तसं मधल्या किमतीला राहिलो आणि पहिला नवा वाफा उघडला त्यात गहू लावायला पैसे उरले. दुसऱ्या फेरीत गहू-घेवड्याचं बांधलेलं गिऱ्हाईक पटांगणात पडलं होतं, ते घेतलं. त्यानंतर माझ्याकडून एक गोष्ट घडली जी याआधी कधी घडली नव्हती: तिसऱ्या फेरीत उघडलेला वाफा मी रिकामा ठेवला. बाजूच्या मित्राने दोनदा विचारलं, पेरायचं विसरलास का. विसरलो नव्हतो. त्यात लागणारा माल मागणारं कोणी माझ्यापुढे नव्हतं. त्या वाचलेल्या नाण्यांतून जादा पाऊल टाकलं, 5 नाण्यांत.

पाचव्या फेरीत सोंगटी यांचा क्रम जसाच्या तसा आला. दोन बांधलेली, एक वाटचं, आणि एकाची चौथी खेप. हात सवयीने खेपेकडे गेला, तो मागे घेतला, आधी वाटच्याला माल दिला. 2 नाणी जास्त मिळाली. ती दोन नाणी मी वेगळी ठेवली होती, कशातून आली ते बघायला.

सातव्या फेरीत एक चूक झाली. एका नाराज गिऱ्हाइकाला भोपळा द्यायचा राहिला आणि दंड भरला. वाफ्यातला भोपळा आदल्या फेरीत संपला हे लक्षातच आलं नव्हतं. तेवढी दोन नाणी शेवटी भोवली. नवव्या फेरीत पुढच्या घराला 17 लागत होती, माझ्याकडे 15 होती. कर्जाकडे बघितलंही नाही, तुमच्यामुळे.

दुसरा आलो, एका पावलाने. डाव आवरताना मोजलं, वाफ्यांमध्ये उरलेला माल दोन नग. दोन्ही गहू.

रविवारी सातवा डाव आहे. या वेळी घेवडा यांच्या पद्धतीने घरच्या वाफ्यात लीक आणि पहिल्या फेरीत एक कर्ज, असं करून बघायचं मनात आहे.

घेवडा:

करून बघा, पण आधी पहिला वाफा कुठला उघडतो ते बघा. तो मोठा असला तर कर्ज घ्या. तीन चौकटींचा निघाला तर थांबा, एवढ्याशा वाफ्यासाठी पाऊल देऊ नका. आणि डाव झाला की फोटो टाका, वाफ्यांसकट.